बी-१ इंग्रजी परीक्षेची उजळणी गावात बसून कशी करायची : ग्रामर न् व्होकॅब

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या खेड्यातली पोरं-पोरी आता इंग्रजीची मधल्या लेव्हलची परीक्षा द्यायला लागली आहेत, कोणी नर्सिंग करून बाहेर जायचं म्हणून, कोणी हॉटेल लाईनसाठी, कोणाला नुसतं सर्टिफिकेट पाहिजे असतं. आणि बहुतेकांची उजळणी एकाच पद्धतीनं चालते. ग्रामरचं जाडं पुस्तक पहिल्या पानापासून उघडायचं, नाऊन प्रोनाऊन करत बसायचं, टेन्सपर्यंत पोचता पोचता परीक्षा दारात येते. सोबत एक वही, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. मेहनत खरी असते, रात्र रात्र बसतात, म्हणूनच मला हे सगळं लिहून काढावंसं वाटलं. आपण मराठी बोलणारे, त्यातही वऱ्हाडी बोलणारे, इंग्रजीत ठराविक जागीच चुकतो. त्या जागा मोजक्या आहेत, त्या आपल्याच बोलीतून येतात, आणि उजळणी तिथंच लावली तर सहा आठवड्यात फरक दिसतो.

मी इथं केंब्रिजची बी-१ प्रिलिमिनरी धरून चाललोय, जुने लोक तिला पेट म्हणतात. बी-१ ही लेव्हल काउन्सिल ऑफ युरोपनं २००१ मध्ये आणलेल्या सहा पायऱ्यांमधली तिसरी, ए-१ पासून सी-२ पर्यंत. दुसरी कोणती याच लेव्हलची परीक्षा देत असाल तरी ग्रामर तेच आहे. फक्त एक काम फॉर्म भरायच्या आधी करा, जिथं सर्टिफिकेट द्यायचं आहे त्या कॉलेजला किंवा नोकरीवाल्याला नाहीतर व्हिसासाठी असेल तर तिथल्या नियमात नेमकी कोणती परीक्षा चालते ते बघून घ्या, फी भरल्यावर कळून उपयोग नाही.

पहिलं काम : पेपर ओळखा

चार भाग असतात. रीडिंग ४५ मिनिटं, ३२ प्रश्न. रायटिंग ४५ मिनिटं, त्यात दोनच गोष्टी लिहायच्या, एक ईमेल आणि मग लेख किंवा गोष्ट यातलं एक, दोन्ही साधारण १०० शब्दांचं. लिसनिंग अर्ध्या तासाच्या आसपास, २५ प्रश्न. स्पीकिंग बहुतेक करून जोडीनं घेतात, साधारण १२ मिनिटं.

आता लक्ष द्या, यात "ग्रामरचा पेपर" असा वेगळा नाहीच. बारावीच्या बोर्डात "डू ॲज डायरेक्टेड" यायचं, रिमूव्ह टू, यूज नो सूनर दॅन, चेंज द व्हॉइस, ते इथं नसतं. आपली पोरं नो सूनर दॅनचं वाक्य झोपेत पण फिरवून देतात आणि मित्राला चार ओळींची ईमेल लिहा म्हटलं की पेन थांबतो. तर बोर्डाच्या त्या रूपांतरांवर एक मिनिटही घालवू नका. ग्रामर थेट तपासलं जातं ते रीडिंगच्या शेवटच्या दोन भागात. पाचव्या भागात उतारा, सहा गाळलेल्या जागा, प्रत्येकीला चार पर्याय, हा मुख्यतः शब्दांचा खेळ, कोणता शब्द कोणासोबत जातो. सहाव्या भागात पुन्हा सहा जागा, पण पर्याय नाहीत, एकच शब्द स्वतः आठवून लिहायचा आणि स्पेलिंग बरोबर पाहिजे. तिथं मोठे शब्द येत नाहीत. "द", "टू", "हॅज", "हू", "मच", "बिकॉज" असे बारके बारके येतात आणि आपण नेमके तेच सोडून देतो. बाकी ग्रामर दिसतं ते तुमच्या लिहिण्यात न् बोलण्यात.

दुसरं : एक पेपर घरी, घड्याळ लावून, मग चुकांची वही

अधिकृत साईटवर नमुना पेपर फुकट मिळतात. तालुक्याला गेलात की झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घ्या, मोबाईलवर पेपर सोडवू नका, नजर इकडेतिकडे जाते. अभ्यास न करता सरळ सोडवा. किती मार्क पडले ते फार मनावर घेऊ नका, चुका बघा. १०० पानी वहीत प्रत्येक चूक पूर्ण वाक्यासकट लिहायची, खाली बरोबर वाक्य, आणि त्याखाली एका ओळीत, आपण मराठीत काय म्हणत होतो म्हणून हे चुकलं. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, ती टाळली तर वही नुसती नक्कल होते.

आठ-दहा पानं भरली की तुम्हालाच दिसेल की चुका फिरून फिरून त्याच आहेत. माझ्याकडे जी मुलं येतात त्यांच्या वह्यांमध्ये जे दिसतं तेच खाली क्रमानं घेतो.

तिसरं : टेन्स, आणि आपलं "करून राहिलो"

इथं मी जास्त थांबणार आहे कारण अर्ध्या चुका इथल्याच असतात.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे. "काय करून राहिला?" "अभ्यास करून राहिलो." हे जे करून राहिलो, जाऊन राहिलो, जेवून राहिलो आहे ना, तेच प्रेझेंट कंटिन्युअस. "आय ॲम स्टडीइंग." आणि "मी रोज सकाळी अभ्यास करतो" म्हणजे "आय स्टडी एव्हरी मॉर्निंग." वाक्य आधी वऱ्हाडीत मनात म्हणा, "राहिलो" आलं की ॲम-इज-आर आणि आयएनजी, नाही आलं की साधं क्रियापद. शाळेत बोलीला नावं ठेवतात, पण या कामासाठी ती एकदम नेमकी आहे, लाजू नका.

पण ही सोय तीन जागी फसवते, त्या तीन जागा पाठच करा.

एक, मनातल्या आणि मालकीच्या गोष्टी. "मले समजून राहिलं" आपण म्हणतो पण "आय ॲम अंडरस्टँडिंग" होत नाही, "आय अंडरस्टँड." तसंच नो, वॉन्ट, नीड, बिलीव्ह, बिलाँग, आणि मालकीचं हॅव. "ही इज हॅविंग फाइव्ह एकर्स" चूक, "ही हॅज फाइव्ह एकर्स."

दुसरी जागा "पासून"ची. "मी दोन वर्षांपासून इंग्रजी शिकून राहिलो." राहिलो आलं म्हणून पोरं लिहितात "आय ॲम लर्निंग इंग्लिश सिन्स टू इयर्स", यात दोन चुका आहेत. आधी सुरू झालं आणि अजून चालू आहे, तर हॅव बीन लागतं, "आय हॅव बीन लर्निंग इंग्लिश फॉर टू इयर्स." आणि फॉर-सिन्सचं असं आहे की मराठीत दोन्हीला पासूनच, "दोन वर्षांपासून" पण आणि "दिवाळीपासून" पण. म्हणून पासूनच्या आधीचा शब्द बघा. तो मोजता येणारा काळ असेल, दोन वर्षं, तीन महिने, खूप दिवस, तर फॉर. तो सुरुवातीचा टप्पा असेल, दिवाळी, सोमवार, २०२३, तर सिन्स. रोज पाच पाच वाक्यं लिहा एक आठवडा, गावातल्याच गोष्टींची. पाऊस सोमवारपासून चालू आहे, ट्रान्सफॉर्मर चार दिवसांपासून बंद आहे, काका तीस वर्षांपासून कापूस लावतात.

तिसरी म्हणजे "गेलो होतो". "मी काल नागपूरला गेलो होतो." होतो दिसलं की हात आपोआप हॅड लिहितो, "आय हॅड गॉन टू नागपूर येस्टरडे." नको. मराठीत आपण साध्या भूतकाळालाही होतो जोडतो, इंग्रजीत सरळ "आय वेंट टू नागपूर येस्टरडे." हॅड कधी, तर भूतकाळातल्या दोन गोष्टी सोबत असतील आणि एक आधी घडून गेली असेल तेव्हा. "मी स्टँडवर पोचलो तोपर्यंत एसटी निघून गेली होती." "व्हेन आय गॉट टू द बस स्टँड, द बस हॅड ऑलरेडी लेफ्ट." हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पास्ट परफेक्टचं बाकीचं सगळं त्यातून निघतं.

मग उरतं हॅव सीन की सॉ. नियम छोटा आहे. वाक्यात केव्हा ते सांगितलं, यस्टरडे, लास्ट मे, इन २०२२, टू डेज अगो, तर साधा पास्ट. केव्हा ते सांगितलंच नाही, अनुभव आहे एवढंच, तर हॅव. "आय हॅव बीन टू ताडोबा." "आय वेंट टू ताडोबा लास्ट मे." जस्ट, ऑलरेडी, येट, एव्हर, नेव्हर हे शब्द दिसले की बहुतेक वेळा हॅव-हॅज.

आणि यूज्ड टू. "मी आधी सायकलनं शाळेत जायचो", "आय यूज्ड टू गो टू स्कूल बाय सायकल." फक्त जुन्या, आता बंद झालेल्या सवयीसाठी. "आय यूज टू गेट अप ॲट फाइव्ह डेली" असं आजच्या सवयीसाठी आपल्याकडे सर्रास बोलतात, मास्तर लोकसुद्धा, पण परीक्षेत ती चूकच.

फ्युचरमध्ये फार अडकू नका. ठरलेली गोष्ट असेल तर "आय ॲम मीटिंग हिम टुमारो", मनात बेत असेल तर गोइंग टू, तिथल्या तिथं ठरवलं किंवा अंदाज असेल तर विल. एवढं बस झालं.

चौथं : वाक्याची बांधणी जिथं मोडते

"जर-तर" बघा. मराठीत आपण म्हणतो "पाऊस आला तर मी येणार नाही." आला हे रूप भूतकाळाचं, म्हणून कोणी लिहितं "इफ इट रेन्ड, आय विल नॉट कम." कोणी दोन्हीकडे विल घालतं. बरोबर असं, होऊ शकतं अशा गोष्टीला इफच्या बाजूला साधा प्रेझेंट, दुसऱ्या बाजूला विल, "इफ इट रेन्स, आय वोन्ट कम." आणि नुसती कल्पना असेल, "मी सरपंच असतो तर आधी रस्ता केला असता", तर इफच्या बाजूला पास्ट आणि दुसरीकडे वुड, "इफ आय वर द सरपंच, आय वुड बिल्ड द रोड फर्स्ट." "असतो तर" मनात आलं की वुड. बी-१ ला या दोन जाती पक्क्या पाहिजेत, तिसरीच्या मागे लागू नका.

दुसऱ्याचं बोलणं सांगताना. मराठीत "तो म्हणाला की मी उद्या येतो", म्हणजे त्याचं वाक्य आपण जसंच्या तसं ठेवतो. इंग्रजीत ते "ही सेड दॅट आय विल कम टुमारो" केलं तर येणारा माणूस तुम्हीच होता, त्याचा अर्थच फिरतो. "ही सेड ही वुड कम द नेक्स्ट डे." माणूस बदला, काळ एक पाऊल मागे घ्या, उद्याचं दुसऱ्या दिवशी करा, या तीन गोष्टी क्रमानं. घरी आई फोनवर मावशीशी बोलते ते ऐकून नंतर पाच वाक्यांत इंग्रजीत सांगायचं, मावशी काय म्हणाली, आई काय म्हणाली, यासारखा सराव नाही.

प्रश्न विचारताना मराठीत शब्दांची जागा बदलत नाही, फक्त आवाज वर जातो. म्हणून "व्हेअर यू गोइंग" टाईप प्रश्न तोंडात बसतात. सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी, "व्हेअर आर यू गोइंग", "व्हॉट टाइम डज द बस लीव्ह". पण प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की पुन्हा सरळ होतो, "कुड यू टेल मी व्हेअर द बस स्टँड इज?" शेवटी इज. हे स्पीकिंगमध्ये वापरलं तर चांगलं वजन पडतं.

पॅसिव्हची भीती बाळगू नका, नियम फिरवत बसण्यापेक्षा एखादं काम सुरुवातीपासून सांगा. कापसाचं घ्या. "द कॉटन इज पिक्ट बाय हँड. इट इज पॅक्ट अँड टेकन टू द मार्केट. इट इज वेड. देन इट इज सेंट टू द जिनिंग मिल, व्हेअर द सीड्स आर रिमूव्ह्ड." कोणी केलं ते महत्त्वाचं नाही, काय होतं ते महत्त्वाचं. पोळ्याला बैल सजवतात, त्याची पण अशीच सहा वाक्यं होतात.

आणखी एक बारीक गोष्ट, मराठीत कर्ता गाळला तरी चालतं. "लांब आहे." "गरम होऊन राहिलं." इंग्रजीत तिथं इट लागतंच, "इट इज फार", "इट इज गेटिंग हॉट." सहाव्या भागातल्या गाळलेल्या जागेत हे इट फार वेळा लपलेलं असतं.

पाचवं : अ, ॲन, द आणि प्रेपोझिशन

मराठीत आर्टिकल नाहीच, म्हणून ते कानाला खटकत नाही, विसरलो तरी कळत नाही. नियमांची यादी मोठी आहे, ती सोडा. सोपा सराव असा की नमुना पेपरातला कोणताही उतारा घ्या, त्यातले सगळे अ, ॲन, द पांढऱ्या शाईनं झाका, दोन दिवसांनी भरा, मग शाई खरवडून ताडून बघा. आठवड्यातून दोन उतारे. हाताशी एवढं ठेवा: पहिल्यांदा आलेली एक वस्तू अ, पुन्हा तीच आली की द, जगात एकच असेल तर द, नदीच्या नावाआधी द, द वैनगंगा, द वर्धा, पण वर्धा शहर म्हणताना काही नाही. अ की ॲन हे आवाजावर, अक्षरावर नाही, "ॲन अवर", "अ युनिव्हर्सिटी". आणि गो होम, मध्ये टू नाही.

ज्यांना अ लागत नाही न् एस पण लागत नाही ते पाठ करा : ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, होमवर्क, न्यूज, मनी, ट्रॅफिक. "ॲडव्हायसेस" कुठंच लिहू नका.

प्रेपोझिशनमध्ये आपला -ला, -वर, -शी घोळ घालतो. "सापाला घाबरतो" म्हणून कोणी "अफ्रेड टू स्नेक" लिहितं, "अफ्रेड ऑफ" पाहिजे. गणितात हुशार, "गुड ॲट मॅथ्स". माझी वाट बघ, "वेट फॉर मी". त्याच्याशी लग्न, "मॅरीड टू". मला समजावून सांग, "एक्सप्लेन इट टू मी", "एक्सप्लेन मी" नाही. त्याबद्दल चर्चा करू, "लेट्स डिस्कस इट", इथं अबाउट अजिबात नको. हे सुटे शिकून लक्षात राहत नाहीत, शब्दासकट जोडीनं शिका, आणि हीच गोष्ट पुढच्या भागाची पण किल्ली आहे.

सहावं : शब्द, जोडीनं

एका शब्दापुढं एक मराठी अर्थ ही पद्धत आजपासून बंद करा. कारण बघा, मराठीत सगळं "करणे"वर भागतं, चूक करणे, अभ्यास करणे, आराम करणे. इंग्रजीत प्रत्येकाचं वेगळं, मेक अ मिस्टेक, डू होमवर्क, हॅव अ रेस्ट. पाचवा भाग नेमकं हेच विचारतो, चारही पर्यायांचा अर्थ मराठीत सारखाच निघतो आणि त्यातला एकच शेजारच्या शब्दाशी जमतो. तुमच्या वहीत नुसता "मिस्टेक" असेल तर तुम्ही अंदाज मारणार, "मेक अ मिस्टेक" असेल तर उत्तर डोळ्यासमोर येणार.

कोणते शब्द घ्यायचे हा खरा प्रश्न. केंब्रिजची बी-१ साठीची शब्दयादी फुकट डाऊनलोड होते, ती घ्या. त्यांच्या ऑनलाईन डिक्शनरीत बऱ्याच अर्थांपुढं लेव्हल लिहिलेली असते, ए-२, बी-१, बी-२ अशी, अर्थागणिक वेगळी. बी-२ च्या वरचं दिसलं की सोडून द्या. ॲबंडन्स न् मॅग्नॅनिमस पाठ करण्यात आपल्याकडे लय अभिमान वाटतो, पण त्याच पोरांना बॉरो आणि लेंड मध्ये फरक सांगता येत नाही. उसनं घेणं बॉरो, उसनं देणं लेंड. अशा जोड्या आधी पक्क्या करा : से-टेल, जॉब-वर्क, रिमेंबर-रिमाइंड, ब्रिंग-टेक, हिअर-लिसन, ट्रिप-जर्नी-ट्रॅव्हल, बोअर्ड-बोअरिंग, फन-फनी. "आय ॲम बोअरिंग" म्हटलं तर मीच कंटाळवाणा माणूस असा अर्थ होतो.

विषय धरून गट करा. परीक्षेचे विषय रोजचेच आहेत, घर, जेवण, प्रवास, हवामान, आरोग्य, शिक्षण, नोकरी, खरेदी, खेळ, निसर्ग. एका विषयाला तीन दिवस. हवामान घेतलं तर हेवी रेन, स्ट्राँग विंड, थंडरस्टॉर्म, हीट वेव्ह, "द टेंपरेचर रोझ टू ४५ डिग्रीज", हे आपल्याला मे महिन्यात दरवर्षी लागतं. मग त्या जोड्या वापरून स्वतःच्या गावाबद्दल सहा-सात वाक्यं. स्वतःच्या वाक्यात बसलेला शब्द जात नाही.

फ्रेझल व्हर्ब थोडेच पण पक्के, गेट अप, गिव्ह अप, ग्रो अप, लुक आफ्टर, लुक फॉर, लुक फॉरवर्ड टू, फाइंड आउट, रन आउट ऑफ, टर्न डाउन, टेक ऑफ, पुट ऑन, सेट ऑफ. एका छोट्या गोष्टीत सहा गुंफा. लुक फॉरवर्ड टूच्या पुढं आयएनजी येतं हे ईमेलसाठी खास, "आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू." तसंच एंजॉयपुढं आयएनजी, वॉन्टपुढं टू.

आणि आपल्याकडचे काही शब्द बाहेरच्या परीक्षकाला कळत नाहीत किंवा भलतेच कळतात. "आय पास्ड आउट इन २०२२" म्हणजे त्याला वाटेल बेशुद्ध पडलात, "आय फिनिश्ड कॉलेज इन २०२२" म्हणा. कझिन ब्रदर नाही, कझिन. टुडे मॉर्निंग नाही, धिस मॉर्निंग. गिव्ह ॲन एक्झाम नाही, टेक ॲन एक्झाम.

लक्षात ठेवायची पद्धत जुनीच आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं, आणि मध्ये दिवस सोडून पुन्हा बघितलं तर टिकतं. म्हणून चिठ्ठ्या करा. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात, त्या जाड कागदाचे तुकडे कापा, एका बाजूला जोडी गाळलेली जागा ठेवून, "— अ मिस्टेक", मागं उत्तर. आज केली ती उद्या बघायची, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग पंधरा दिवसांनी. जी चुकली ती परत उद्याच्या गठ्ठ्यात. गठ्ठा खिशात राहतो, एसटीची वाट बघताना, कापूस वेचून झाल्यावर बांधावर बसल्या बसल्या, गिरणीवर नंबर लागेपर्यंत होऊन जातो. रोज दहा नवीन पुरे, त्याच्यावर गेलात तर परत बघायचा ढीग साचतो आणि मग सगळंच सुटतं.

सातवं : सहा आठवडे कसे वाटायचे

दिवसाला दीड तास धरा, शेतीच्या दिवसात तेवढंच मिळतं. पहाटे पाऊण तास ग्रामर, डोकं ताजं असतं न् घरात शांतता, संध्याकाळी अर्धा तास लिहिणं, उरलेलं चिठ्ठ्यांना. गावात ग्रामपंचायतीची अभ्यासिका असेल तर तिथं बसा. पहिला आठवडा नमुना पेपर न् चुकांची वही. दुसरा आणि तिसरा पूर्ण टेन्सला, घाई करू नका, बाकी सगळं याच्यावर उभं आहे. चौथ्यात वाक्याची बांधणी, आर्टिकल आणि प्रेपोझिशन मिळून पाचव्यात, सोबत एक दिवसाआड एक ईमेल. सहाव्यात फक्त पूर्ण पेपर घड्याळ लावून आणि जुनी वही, नवीन काहीच नाही. सोयाबीनची कापणी किंवा घरचं लग्न मध्ये आलं तर आठवडा पुढं ढकला पण चिठ्ठ्या थांबवू नका, त्या पंधरा मिनिटांवर मागचं सगळं टिकून असतं.

ऐकणं रोज पाहिजे, दहा मिनिटं का होईना. बीबीसी लर्निंग इंग्लिश आणि ब्रिटिश काउन्सिलच्या साईटवर फुकट आहे, रेंज असेल तिथं डाऊनलोड करून ठेवा. पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा लिखाण समोर ठेवून, तिसऱ्यांदा थांबवत थांबवत मागून म्हणा. "हॅव बीन" हे बोलताना किती बारीक होतं ते तेव्हाच कळतं, आणि मग लिहिताना कान सांगतो की इथं काहीतरी राहिलं.

लिहिलेलं तपासायला कोणी नाही ही गावातली सगळ्यात मोठी अडचण, त्यावर तीन उपाय. एक, लिहिलं की लगेच तपासू नका, दुसऱ्या दिवशी पहाटे चुकांची वही बाजूला ठेवून वाचा, पाचदा वाचा, एकदा फक्त टेन्स बघायला, एकदा फक्त अ-ॲन-द, एकदा फक्त प्रेपोझिशन, एकदा ही-शी-इट पुढचा एस, एकदा स्पेलिंग. सगळं एकदम बघितलं तर काहीच दिसत नाही. दोन, फोनमधल्या एआयला विचारा पण असं सांगून, की माझं वाक्य सुधारून देऊ नको, कोणत्या ओळीत चूक आहे एवढंच सांग. सुधारणा तुम्हीच करा. तीन, शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना किंवा मॅडमना आठवड्यातून एक पान दाखवा. राज्यात मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे तुमच्या गावातही कोणी ना कोणी शिकवणारं असतंच, नीट विचारलं तर ते आनंदानं बघून देतात.

ईमेलमध्ये एक गोष्ट कायम तपासा. आलेल्या ईमेलवर चार टिपा दिलेल्या असतात, चारही मुद्द्यांना उत्तर आलं पाहिजे. भाषा कितीही चांगली असो, एक मुद्दा राहिला की मजकुराचे मार्क जातात. मार्क चार गोष्टींना असतात, मजकूर, वाचणाऱ्याला शोभेल असं लिहिणं, मांडणी, भाषा, प्रत्येकाला पाच. म्हणून ग्रामर सांभाळता सांभाळता मुद्दा सोडू नका. ब्रिटिश स्पेलिंग वापरा नाहीतर अमेरिकन, दोन्ही चालतात, एका पानात एकच ठेवा.

परीक्षेच्या दिवशी

रीडिंगमध्ये पाचवा आणि सहावा भाग आधी सोडवायला हरकत नाही, बारा मिनिटांत होतात आणि लांब उताऱ्यांनी डोकं थकायच्या आत होतात. गाळलेली जागा भरायच्या आधी पूर्ण उतारा एकदा वाचा, मग जागेच्या डावीकडचे दोन शब्द न् उजवीकडचे दोन शब्द बघा, उत्तर बहुतेक तिथंच असतं. एमपीएससीसारखे चुकीच्या उत्तराला मार्क इथं कापत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी ठेवू नका, ज्यांना स्पर्धा परीक्षांची सवय आहे ते इथं उगाच प्रश्न सोडून देतात. रायटिंगची शेवटची पाच मिनिटं तपासायला राखून ठेवा, आणि तेव्हा तुमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेल्या तीनच चुका शोधा.

तालुक्याच्या गावाहून केंद्रावर जायचं असेल तर आदल्या दिवशीच पोचा, पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नका. मूळ ओळखपत्र सोबत पाहिजे, झेरॉक्स चालत नाही.

निकाल केंब्रिजच्या स्केलवर येतो. १४० आले की पास, १६० किंवा त्याच्या वर गेलात तर सर्टिफिकेटवर बी-२ लिहून येतं, आणि १२० ते १३९ मध्ये राहिलात तर ए-२ चं मिळतं. रीडिंग, रायटिंग, लिसनिंग, स्पीकिंग प्रत्येकाचा आकडा वेगळा दिलेला असतो. पुन्हा बसायचं असेल तर सगळ्यात कमी आकड्यापासून सुरुवात करा, वही तीच चालवा, नवीन घेऊ नका.